निवाऱ्यात खाट रिकामी होती म्हणे!

बेघरांचे तंबू उठवले की प्रशासनाचं उत्तर तयार असतं: "आम्ही निवाऱ्यात जागा देत होतो, त्यांनीच नको म्हटलं." मग आपणही मान डोलावतो. सोय केली होती, यांनाच नकोय, विषय संपला.

नको का म्हटलं, हे विचारून बघा. नवराबायको असतील तर ती बायकांच्या हॉलमध्ये, तो पुरुषांच्या. कुत्रा बाहेर. सामान एका पिशवीत मावेल तेवढंच. संध्याकाळी ठरलेल्या वेळेच्या आत हजर, सकाळी परत रस्त्यावर, म्हणजे रात्रपाळीवाला बादच. सगळे निवारे असे नसतात, पण बरेच असतात. आणि एवढं करून खाट बऱ्याचदा एका रात्रीची. तिच्यासाठी तंबू सोडला आणि उद्या खाट नाही मिळाली, तर? हा हिशोब करून कुणी नको म्हणत असेल तर त्याचं डोकं ठिकाणावर आहे, असंच मी म्हणेन.

अमेरिकेतलं ग्रँट्स पास प्रकरण याच मुद्द्याभोवती फिरलं. ऑरेगन राज्यातलं साधारण ३८ हजार वस्तीचं गाव, बेघर सहाशेच्या आसपास. निवारा म्हणावा असा तेव्हा एकच, एका धार्मिक संस्थेचा; तिथे धूम्रपान बंद आणि प्रार्थनेला हजेरी सक्तीची होती. बागेत पांघरूण घेऊन झोपलं तर दंड होता २९५ डॉलर, थकला तर ५३७. ज्याच्याकडे भाड्याला पैसे नाहीत त्याच्याकडून हे वसूल करणार! खाटाच पुरेशा नसतील तर बाहेर झोपणाऱ्याला शिक्षा करता येणार नाही, असं २०१८ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने बॉइझी शहराच्या खटल्यात म्हटलं होतं. जून २०२४ मध्ये ग्रँट्स पासच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी तो आडोसाही काढून घेतला. त्याच वर्षी जानेवारीत एका रात्री केलेल्या गणनेत देशभरात ७,७१,४८० बेघर सापडले होते, त्यातले एक तृतीयांशाहून जास्त उघड्यावर.

तंबू ट्रकमध्ये फेकला जातो तेव्हा ओळखपत्र, औषधं, चार्जर, कपडे सगळंच त्याच्याबरोबर जातं. घरासाठी अर्ज करायचा तर पहिल्यांदा ओळखपत्र लागतं. ज्या समाजसेविकेने महिनोन्‌महिने मागे लागून त्या माणसाचे कागद जमवले, ती पुढच्या आठवड्यात येते तर तिथे कुंपण घातलेलं. माणूस कुठे गेला, कुणालाच ठाऊक नाही. पुन्हा श्रीगणेशा. आणि हे सगळं सरकारच्याच पैशाने, एक खातं कागद जमवतं, दुसरं ते कचऱ्यात टाकतं.

आसपास राहणाऱ्यांचा त्रास खोटा आहे असं मी म्हणत नाही. घाण होते, आगी लागतात, मुलांना बागेत पाठवायची भीती वाटते. "एवढा पुळका असेल तर घरी न्या" म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, पण या रहिवाशांचं म्हणणं मला पटतं. फक्त, उठवलेली माणसं हवेत विरत नाहीत. दोन गल्ल्या सोडून पुन्हा पाल ठोकतात.

आपल्याकडे हे १९८५ मध्येच बोलून झालंय. मुंबईत फुटपाथवर राहणाऱ्यांच्या ओल्गा टेलिस खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं की माणूस फुटपाथवर राहतो कारण त्याचं काम तिथून जवळ आहे. तिथून हलवलं की पोटावर पाय येतो. तरी नोटीस देऊन उठवायला मुभा दिलीच, फक्त पावसाळा जाऊ द्या म्हणून सांगितलं. म्हणजे कारण कळलं होतं, खाट कुठे असायला हवी तेही कळलं होतं.

म्हणून माझी मागणी साधी आहे. ज्या दिवशी तंबू काढणार, त्या दिवशी सकाळी यादी लावा: आज रात्री किती खाटा रिकाम्या, कुठे, किती दिवसांसाठी, जोडप्याला चालतील का, सामान ठेवता येईल का, कामावरून उशिरा आलेल्याला आत घेणार का. यादीतल्या खाटा तंबूतल्या माणसांपेक्षा कमी निघाल्या, तर त्या दिवशी ट्रक पाठवू नका.