आधी जर्सीचा रंग बघा

अमेरिकेत, ओहायोतल्या कोलंबसला एम.एस.साठी आलात, खोली मिळाली, इंडियन स्टोअर सापडलं. आता उरलं अमेरिकन फुटबॉल. ओहायो स्टेट या आपल्या विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये लाखाहून जास्त माणसं बसतात. घरचा सामना असेल त्या शनिवारी साधं दूध आणायला निघालात तरी गाडी जागची हलत नाही. (मंडळाच्या गणपतीचा कार्यक्रम ठरवताना पंचांगाआधी सामन्यांचं वेळापत्रक उघडावं, हा अनुभवाचा सल्ला फुकट घ्या.) तेव्हा खेळ कळो न कळो, मत हवंच. आणि मत द्यायला टार्गेटिंग, म्हणजे डोक्याने किंवा डोक्यावर धोकादायक धडक मारण्याचा फाऊल, याइतका सोयीचा विषय नाही. त्यात नियम वाचलेला आणि न वाचलेला सारख्याच तावातावाने भांडू शकतो.

तोंडी लावण्यापुरता नियम मात्र ठेवा. हेल्मेटचा माथा पुढे करून कुणावर घुसायचं नाही. आणि झेल घेण्यात गुंतलेल्या, स्वतःला सावरू न शकणाऱ्या गड्याच्या डोक्या-मानेवर जोराने आदळायचं नाही. २००८ पासून याला संघाला १५ यार्ड मागे रेटण्याची शिक्षा आहे, २०१३ पासून वर हकालपट्टी. २०२५ च्या हंगामापर्यंत तरी उत्तरार्धात सापडलात तर पुढच्या सामन्याचा पूर्वार्धही जायचा. त्या २०१३ च्या हंगामात तर बहार होती. रिप्लेमध्ये खेळाडू निर्दोष ठरला, हकालपट्टी रद्द झाली, तरी १५ यार्ड कापलेलेच राहायचे. तुमची चूक नाही, पण दंड भरा! आपल्या सरकारी कचेऱ्यांत चकरा मारलेल्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. अमेरिकेला मात्र वाटलं आणि वर्षभरात ते बदललं.

खरी मेख पुढेच आहे. मैदानावरच्या पंचाला नियमपुस्तक सांगतं की शंका असेल तर फाऊल द्या. वर बसून रिप्ले बघणाऱ्याला २०१९ पासून सांगितलंय की टार्गेटिंगची एकूण एक खूण पक्की दिसली तरच ठेवा, नाहीतर पुसा. म्हणजे एकच शंका खाली गुन्हेगार ठरवते आणि जिना चढून वर गेली की निर्दोष सोडते. तुमच्या दृष्टीने ही पर्वणी आहे. दोन्ही मतं नियमातच तयार मिळतात, फक्त कुठलं कधी काढायचं ते कळलं पाहिजे.

तालीम करू. तुमचा रंग लाल-करडा.

२८ डिसेंबर २०१९, फिएस्टा बोल हा हंगामाअखेरचा मोठा सामना. आपण क्लेमसनविरुद्ध १६-० ने पुढे. तिसऱ्या डाउनला (चेंडू पुढे न्यायच्या चारपैकी तिसऱ्या प्रयत्नाला) आपल्या शॉन वेडने त्यांच्या क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या ट्रेव्हर लॉरेन्सला आडवा केला. आता त्यांनी चेंडू लाथाडून आपल्याला द्यायचा, इतकंच बाकी होतं. तेवढ्यात रिप्ले झाला, टार्गेटिंग निघालं. वेड बाहेर, क्लेमसनला पुन्हा पहिला डाउन, मग टचडाउन (म्हणजे सहा गुण), आणि अखेर आपण २९-२३ ने हरलो. इथे आवाज चढवायचा. “अहो, त्या क्वार्टरबॅकनेच ऐनवेळी डोकं खाली घातलं! एवढ्या वेगात माणूस थांबणार कसा? फुटबॉल आहे की भोंडला?”

३१ डिसेंबर २०२२, पीच बोल, समोर जॉर्जिया. तिसरा क्वार्टर संपत आलेला. आपला मार्व्हिन हॅरिसन ज्युनिअर एंड झोनच्या (टचडाउन होतो त्या टोकाच्या पट्ट्याच्या) मागच्या कडेला झेपावला आणि त्याच्यावर त्यांचा गडी येऊन आदळला. पंचांनी टार्गेटिंग दिलं, रिप्लेने पुसलं. आपण फील्ड गोलच्या, म्हणजे खांबांमधून लाथाडलेल्या चेंडूच्या, तीन गुणांवर भागवलं, हॅरिसन काही परतला नाही, आणि नववर्षाच्या ठोक्याला आपली ५० यार्डांची किक चुकून ४२-४१ ने गेलो. इथे आवाज खाली आणायचा, किंचित ओलाही चालेल. “शेवटी कुणाची तरी मुलं आहेत हो ही. मेंदूचा मामला आहे. एका सामन्यासाठी?” तीन वर्षांपूर्वीचा भोंडला कुणी काढणार नाही. खोलीतल्या प्रत्येकाने तेव्हा तोच काढला होता.

पंचांबद्दलही बोलावं लागेल. अशा मोठ्या सामन्यांना ते तिसऱ्याच कॉन्फरन्सचे (विद्यापीठ-संघांच्या गटाचे) आणतात, त्यामुळे ते दुसऱ्या बाजूला विकले गेलेत असं दोन्ही बाजूंना एकाच वेळी म्हणता येतं. आपल्या गल्लीत अंपायर बॅटिंग करणाऱ्या टीमचाच असायचा. निदान हिशेब उघड होता.

कधीतरी टेम्पीहून अॅरिझोना स्टेटवाल्या मित्राचा फोन येईल. त्याचं दुःख १ जानेवारी २०२५ च्या प्लेऑफचं, म्हणजे बाद फेरीच्या सामन्याचं आहे. टेक्सासशी २४-२४ बरोबरी, हातात मिनिटभर, आणि झेल घेतलेल्या त्यांच्या रिसीव्हरवर टेक्सासच्या मायकल टाफचं हेल्मेट आदळलं. रिप्ले बघून सांगितलं, टार्गेटिंग नाही. दुसऱ्या जादा डावात ३९-३१ ने गेले बिचारे. त्यांच्या बिग १२ कॉन्फरन्सचे आयुक्त ब्रेट यॉर्मार्क यांनी देशभर एकच निकष हवा अशी मागणीही केली. तुम्ही मित्राला म्हणायचं, “नियम गुंतागुंतीचा असतो रे.” त्या टेक्सासला पुढच्याच फेरीत आपण २८-१४ ने हरवलं आणि मग विजेते झालो, हे तोंडातून जाऊ देऊ नका. समोर अॅरिझोना स्टेट आली असती तर काय झालं असतं कुणी सांगावं? झालेल्या गोष्टी उकरू नयेत.

एखादे काका इतिहास काढतील. १९०५ च्या हंगामात किमान १८ पोरं दगावली, अध्यक्ष रूझवेल्टनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या मंडळींना व्हाइट हाउसमध्ये बोलावलं, १९०६ मध्ये चेंडू पुढे फेकायला परवानगी मिळाली. येलचे वॉल्टर कॅम्प, ज्यांना अमेरिकन फुटबॉलचे जनक म्हणतात, त्यांनाही ही फेकाफेक पटली नव्हती. मान डोलवा, भेळ पुढे करा.

आणि मैदानावर कुणी पडून उठत नसेल, तर घाई नको. २०२५ पासून चेंडू जागेवर ठेवल्यावर कुणी पडला आणि उपचाराला माणसं धावली, तर त्याच्या संघाचा टाइमआउट जातो. समोरचे धापा टाकायला खोटंच लोळतात, हे आता नियमालाही कळलंय. आपले लोळत नाहीत. त्यामुळे खोली शांत झाली आणि सगळे तुमच्याकडे बघू लागले, तरी लगेच बोलू नका. कॅमेरा जवळ जाऊ द्या. जर्सी दिसू द्या.