राजवाड्याला चुना आणि शेजारच्या वाड्याला सिमेंट?

इंदूरच्या राजवाड्याची दुरुस्ती झाली, गोपाळ मंदिर उजळलं, फार बरं वाटतं. पण जुनं इंदूर म्हणजे या दोन इमारतीच नव्हेत. सराफा, खजुरी बाजाराच्या गल्ल्यांतले लाकडी सज्जांचे वाडे गेले, तर राजवाडा एकटा पडेल. आणि यातले कितीतरी वाडे चुकीच्या डागडुजीनेच खचतात.

राजवाड्याच्या डागडुजीत चुना, गूळ, बेल, उडीद वापरले गेले, ते हौसेखातर नव्हे. जुनी वीट-दगडाची भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि चुन्यातून बाहेर सोडते. वरून सिमेंटचा गिलावा मारला की ओल आतच कोंडते. दोन-तीन पावसाळ्यांत पांढरे क्षार फुटतात, गिलावा पापुद्र्यांनी सुटतो आणि सोबत विटेचा पृष्ठभागही ओढून नेतो.

खरं नुकसान मात्र दिसत नाही तिथे होतं. तुळईचं टोक भिंतीत गाडलेलं असतं, ओल आधी तिथे पोचते. बाहेरून सागवान ठणठणीत वाटतं. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक भिंतीलगत दाबून बघा: सहज आत शिरलं, भुसा निघाला, तर टोक कुजलंय. अख्खी तुळई बदलायची गरज नसते. आधी मजल्याला टेकू द्या, मगच कुजका भाग कापून त्याच जातीचं वाळलेलं लाकूड सांध्याने जोडा. टोकाभोवती बोटभर मोकळी जागा सोडा, हवा खेळली पाहिजे. सिमेंटने ठासून बुजवलं की पुन्हा तेच. लाकडाला तेलरंगही नको, जवसाचं तेल पुरतं.

गिलाव्याला एक भाग विरवलेला चुना, एक भाग सुरखी (विटांची पूड), एक ते दीड भाग चाळलेली वाळू. कळीचा चुना (भट्टीतून आलेला, न विरवलेला) निदान महिनाभर पाण्याखाली मुरवा. न विरलेले खडे राहिले तर नंतर गिलाव्यात फुगून खळगे पडतात. थर 10-12 मिलिमीटरचा, त्यावर दोन आठवडे ओलं गोणपाट. मे महिन्यात हे काम काढूच नका, चुना भराभर सुकून तडकतो.

वायरिंगही लगेच बघा. राजवाडा 1801, 1908 आणि 1984 अशा तीन वेळा जळला. जुन्या लाकडावर उघडी वायर खिळ्याने ठोकणं आजही चालतं, हे भयंकर आहे. लोखंडी पाईपातूनच न्या.

ठेकेदाराला भावाआधी विचारा, चुना किती दिवस मुरवणार? "रेडीमेड पोतं आणतो" म्हणाला, तर दुसरा शोधा.