सेल्फ मारला की ‘टक्’? मग आधी बॅटरी बदला

सर्वप्रथम अभिनंदन. जुन्या पेट्रोल जीपमधलं 2.2 लिटरचं हरिकेन इंजिन उतरवून त्या जागी प्यूजोचं डिझेल बसवण्याचं धाडस तुम्ही केलंत. घरात “आहे त्यात काय वाईट होतं?” असं विचारणाऱ्यांना वहीत मायलेजचा हिशेब मांडून दाखवलात. चेनब्लॉकला लोंबकळणाऱ्या इंजिनाशेजारी उभं राहून फोटो काढलात. माउंटिंग वेल्ड करून घेतली, गिअरबॉक्सची प्लेट लेथवर बनवून घेतली, रेडिएटर दोन बोटं पुढे सरकवलात. आणि शेवटच्या दिवशी, संध्याकाळी सात वाजता, मिस्त्री डबा भरून घरी निघालेला असताना, त्याच्याकडून वायरिंग करून घेतलंत.

हे फार उत्तम केलंत. वायरिंगला दिवसभर दिला असता तर गाडी पहिल्या फटक्यात चालू झाली असती, आणि चालू गाडीबद्दल चारचौघांत सांगण्यासारखं काही उरत नाही.

आता किल्ली फिरवली की ‘टक्’ असा आवाज येतो. एवढंच. डॅशबोर्डवरचे दिवे एकदम मंद होतात आणि किल्ली सोडली की परत उजळतात. घाबरू नका. पुढचे तीन महिने आणि साधारण एका चांगल्या सोफ्याची किंमत एवढ्या भांडवलावर हा प्रश्न छान जोपासता येतो.

सुरुवात बॅटरीपासून करायची. बॅटरीचा दोष असो वा नसो, चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची तर संन्यासी निदान हाताशी असलेला हवा, आणि बॉनेट उघडल्यावर बॅटरीच पहिली दिसते. मोजमापाच्या भानगडीत मात्र पडू नका. काही लोक सांगतील, पूर्ण चार्ज असलेली बॅटरी नुसती उभी असताना 12.6 व्होल्ट दाखवते आणि सेल्फ मारताना तिच्या टर्मिनलवर 9.6 च्या खाली गेली नाही तर ती बिचारी ठीक आहे. असे आकडे माहीत असलेल्या माणसाच्या खिशात बहुधा मल्टीमीटर असतो. चार-पाचशे रुपयांची ती पिवळी डबी अनेक गॅरेजवाल्यांच्या पोटावर पाय आणते, तेव्हा माणुसकी म्हणून तरी ती घेऊ नका. सरळ नवी बॅटरी आणा. तीही ‘टक्’ म्हणाली, तर आणखी मोठी आणा. मोठ्या बॅटरीचा ‘टक्’ जास्त भारदस्त येतो.

आवाजाकडे कान देणंही टाळा. कारण आवाज बरंच बोलून जातो. सेल्फवर, म्हणजे इंजिन चालू करणाऱ्या मोटरवर, जो सोलोनाईड असतो (विजेच्या चुंबकाने चालणारा स्विच, शुद्ध नाव सॉलेनॉइड, पण गॅरेजमध्ये तसं म्हटलंत तर दर वाढतो), त्यात दोन कॉइल असतात. एक दांडा ओढून घेते, दुसरी ओढलेला धरून ठेवते. व्होल्टेज कमी पडलं की दांडा ओढला जातो, मोटर करंट मागते, त्या मागणीने व्होल्टेज आणखी कोसळतं, धरून ठेवणाऱ्या कॉइलचा हात सुटतो. दांडा मागे गेला की व्होल्टेज परत वर येतं आणि पुन्हा ओढाओढी सुरू. म्हणून ‘टक-टक-टक-टक’ अशी मशीनगन. एकच दमदार ‘टक्’ आला तर कथा निराळी, नुसतं ‘घूंऽऽ’ करून इंजिन न फिरता सेल्फच फिरला तर बेंडिक्स (सेल्फचे दाते इंजिनाच्या चाकात अडकवणारा भाग) नीट पुढे जात नाही, आणि अजिबात शांतता असेल तर किल्लीपासूनची बारीक वायर पाहायची. आता हे सगळं विसरून जा. मिस्त्रीला फोनवर फक्त एवढंच सांगायचं, “सेल्फ घेत नाही.”

मिस्त्री सेल्फ उतरवेल. कार्बन बदलेल, बुश बदलेल, आर्मेचर (सेल्फच्या आतला फिरणारा भाग) वाइंडिंगला पाठवेल आणि उतरवलेल्या सेल्फला टेबलावर ठेवून, पायाने दाबून धरून, थेट बॅटरी लावून दाखवेल. तो असा काही गरगर फिरेल की तुमच्या डोळ्यांत पाणी येईल. गाडीत बसवला की पुन्हा ‘टक्’. इथे एखादा चौकस माणूस विचारेल, की टेबलावर फिरणारा सेल्फ गाडीत का फिरत नाही. टेबलावर असं काय होतं जे गाडीत नाही? हा प्रश्न अत्यंत धोकादायक आहे. तो मनात आला की लगेच चहा मागवावा.

दरम्यान केबलचं बघू. पेट्रोल इंजिनाचं कॉम्प्रेशन सातास एकच्या आसपास, त्या डिझेलचं विसाच्याही वर. म्हणजे सेल्फला पूर्वी सायकल ढकलायची होती, आता बैलगाडी ढकलायची आहे. डिझेल थंड असताना सेल्फ तीनशे-चारशे अँपिअर सहज ओढतो. तेव्हा बॅटरीपासून सेल्फपर्यंतची केबल जुन्या पेट्रोल इंजिनाचीच ठेवा. ती जीपच्या वंशपरंपरेतली आहे, तिच्याशी भावना जोडलेल्या आहेत. बदलायचीच तर बाहेरून अंगठ्याएवढी जाड आणि आतून शिसपेन्सिलीएवढं तांबं असलेली घ्या. करंट प्लास्टिकमधून जात नाही ही अफवा आहे. केबल आणि थिंबलचा (टोकाला बसवायच्या धातूच्या कडीचा) जोड हातोडीने ठोकून करावा. वेल्डिंगची 50 चौरस मिलिमीटरची केबल आणून, दोन्ही टोकांना थिंबल नीट दाबून बसवणारे लोक असतात, पण त्यांच्या गाड्या चालू होतात, म्हणून त्यांचं इथे उदाहरण देत नाही.

पायाखालच्या बटणाचं मात्र सांगायलाच हवं. काही जुन्या जीपांत सेल्फचं बटण जमिनीवर, पायाने दाबायचं असे, आणि सेल्फचा सगळा करंट त्या बटणातूनच जाई. नव्या डिझेलच्या सेल्फवर स्वतःचा सोलोनाईड असतो, त्यामुळे ते बटण आता निरुपयोगी. पण काढू नका. मूळ केबल त्यातूनच जाऊ द्या. साठ वर्षांचा चिखल आणि गंज खाल्लेले ते दोन संपर्क मध्ये असले की मोठ्या बॅटरीचा माज उतरतो.

किल्लीची बारीक वायर हा वेगळाच खजिना. किल्लीपासून सोलोनाईडच्या 50 नंबरच्या टोकाला जाणारी ही वायर कोणत्याही रंगाची असू शकते, पण आपण लालच वापरू. सगळ्याच वायरी लाल वापरू. एकाच बंडलातून निघतात, स्वस्त पडतात, आणि पुढच्या वायरमनची कसोटी लागते. जोड म्हणजे दोन टोकांना पीळ देऊन वर काळी टेप. एप्रिलमध्ये टेपचा डिंक पाझरून बोटांना लागला की जोड पक्का झाला असं समजावं. फ्यूज कशाला? वायर स्वतःच फ्यूजचं काम करते, वास तेवढा येतो.

रिले नावाची एक पळवाट बाजारात मिळते. तिला 30, 85, 86, 87 असे आकडे लिहिलेले चार पाय असतात. बॅटरीचा जाड करंट 30 ला घ्यायचा, 87 मधून सोलोनाईडला द्यायचा, आणि 85-86 मध्ये किल्लीने फक्त इशारा करायचा. म्हणजे मालकाने खुणेने सांगायचं आणि गड्याने पोतं उचलायचं. स्वाभिमानी माणसाला हे पटणार नाही. सोलोनाईडचा सगळा करंट जुन्या किल्लीच्या खिळखिळ्या संपर्कातूनच न्यावा. फारच झालं तर डॅशबोर्डला भोक पाडून घराच्या दारावरच्या घंटीचं बटण बसवावं. मी स्वतः एका जीपमध्ये ते पाहिलं आहे. त्यावर घंटीचं चित्रही होतं. तिसऱ्या आठवड्यात ते चित्रासकट वितळलं.

(जिप्सीमध्ये एमपीएफआय, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमाने पेट्रोल फवारणारं, इंजिन घातलेल्या मंडळींनी नाराज होऊ नये, तुमच्यासाठीही सोय आहे. ईसीयूचा, म्हणजे त्या कॉम्प्युटरचा, सप्लाय किल्लीच्या अशा टोकावरून घ्या जे सेल्फ मारताना बंद पडतं. रेडिओचं टोक त्यासाठी छान. मग सेल्फ जोरात फिरेल, इंजिन काही पकडणार नाही, आणि वैतागून किल्ली सोडलीत की त्याच क्षणी एखादा ठसका देऊन पकडेल. याला ‘गाडीचा स्वभाव’ म्हणतात.)

पेचकसचा प्रयोग हा या विषयातला सर्वांत लोकप्रिय भाग आहे. गाडीखाली किंवा बॉनेटमध्ये वाकून सोलोनाईडचं 30 (जिथे बॅटरीची जाड केबल येते ते टोक) आणि 50 पेचकसने जोडायचं. ठिणगी उडते, बघे मागे सरकतात, तुमचा भाव वाढतो. याआधी गिअर न्यूट्रलला आहे का ते पाहू नये. डिझेल जीप पहिल्या गिअरमध्ये सेल्फवर हातभर पुढे उडी मारते आणि तिच्यापुढे नेमके तुम्हीच असता. त्या घटनेवर पुढे अनेक वर्षं बोलता येतं. प्रयोगातून निष्कर्ष मात्र काढू नका. पेचकसने सेल्फ फिरला तर दोष किल्लीच्या बाजूला, तरीही नुसतं ‘टक्’ झालं तर दोष जाड केबलींच्या बाजूला, असला सरळपणा आपल्याला परवडणारा नाही.

जाता जाता, वायरमनने घाईत बॅटरी उलटी लावली तर? जुना फील्ड कॉइलवाला सेल्फ (ज्यात कायमच्या चुंबकाऐवजी कॉइल असते) तरीही त्याच दिशेने फिरतो, कारण फील्ड आणि आर्मेचर दोन्ही एकदम उलटतात. त्यामुळे वायरमनला वाटतं जमलं. अल्टरनेटरचे डायोड मात्र त्याला लगेच कळवतात, धुरातून.

धुरावरून आठवलं. आता मूळ मुद्द्याकडे येतो, म्हणजे जो काहीही करून टाळायचा आहे त्याकडे.

करंट जातो तसा त्याला परतही यावं लागतं. बॅटरीचं निगेटिव्ह चॅसीला घट्ट बसवलेलं असतं, ते सगळे पाहतात. “अर्थ आहे की, साहेब,” असं माझा मिस्त्री त्यावर पान्याने ठोकून म्हणाला होता. पण सेल्फ चॅसीला लावलेला नसतो, इंजिनाला लावलेला असतो, आणि इंजिन बसलेलं असतं रबरावर. रबरातून तीनशे अँपिअर परत आणण्याची विद्या अजून कोणाला अवगत नाही. त्यासाठी इंजिनापासून चॅसीपर्यंत तांब्याची एक विणलेली पट्टी असते. हातभर लांब, कळकट, तेलकट. इंजिन बदलताना ही पट्टी राहते. राहतेच.

मग बिचारा करंट मिळेल त्या वाटेने घरी येतो. अ‍ॅक्सिलरेटरची केबल, स्पीडोमीटरची केबल, इंजिन बंद करायची स्टॉपची केबल. या वाटा पायवाटा आहेत, हमरस्ता नव्हे. माझ्या जीपमध्ये चौथ्यांदा सेल्फ मारला तेव्हा स्टॉपच्या केबलचं प्लास्टिक धुमसायला लागलं. मी डिझेल गळतंय समजून पाण्याची बादली आणली. मिस्त्री म्हणाला, “केबल जुनी झाली असेल, नवीन टाकू.” टाकली. ती जास्त चांगली धुमसली.

तोवर दोन बॅटऱ्या, एक आर्मेचर, एक इग्निशन स्विच झालं होतं. गाडी रोज गल्लीच्या उतारावर लावायची, सकाळी दोन पोरं आणि दूधवाला मिळून धक्का. अशा वेळी शेजारचे काका, अख्खं आयुष्य एसटीच्या डेपोत काढलेले, लुंगीवरच बाहेर आले. बॉनेटमध्ये डोकावून म्हणाले, “इंजिनाला अर्थ कुठाय रं?” त्यांच्या स्कूटरपाशी पडलेली जम्प केबल आणून एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं थेट इंजिनाच्या ब्लॉकला लावलं. “मार आता.” जीप अशी चालू झाली की दूधवाल्याची किटली कलंडली.

अशा माणसांना गाडीजवळ फिरकू देऊ नका. त्यांना दोन मिनिटं लागतात. मल्टीमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडावर ठेवून कोणाला तरी सेल्फ मारायला सांगितला, तर काटा अर्ध्या व्होल्टच्याही आत राहायला हवा. तिथे चार-पाच व्होल्ट दिसले तर गुन्हेगार सापडला. असं करून तुम्ही आधीच्या तीन महिन्यांच्या बिलांना काय उत्तर देणार?

आरसी बुकाचं विसरू नका असं सांगणार होतो. नवीन इंजिनाचा नंबर आणि बदललेलं इंधन आरटीओत चढवून घ्यावं लागतं, नाहीतर अपघातानंतर विमा कंपनी तुमच्याशी अतिशय गोड बोलते. पण गाडी चालूच होत नसेल तर आरटीओत न्यायची कशी, तेव्हा ते आपोआप पुढे ढकललं जातं. हाही टाळाटाळीचा एक फायदा.

काकांनी मग विचारलं, “जुन्या इंजिनाची पट्टी कुठं गेली?” मला तेव्हा आठवलं. हरिकेन इंजिन भंगारात दिलं तेव्हा मागच्या बाजूला काहीतरी लोंबकळत होतं, आणि भंगारवाला ते हातात धरून उगाचच हसला होता. दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे गेलो. पट्टी होती, तारेवर टांगून ठेवलेली, जणू माझीच वाट पाहत होती. त्याने ती काट्यावर टाकली. इंजिनासकट माझ्याकडून लोखंडाच्या भावाने गेलेली पट्टी, तांब्याच्या भावाने परत आली.