पैदास केंद्रं खवले मांजराला वाचवणार नाहीत
वन्यप्राण्यांच्या 'चोरट्या शिकारीपेक्षा कायदेशीर पैदास बरी', असं तुमच्या लेखात म्हटलंय. हा मुद्दा एकवेळ मगरीला लागू पडेल, खवले मांजराला नाही. मुंग्या-वाळवीवर जगणारा प्राणी, मादीला एका वेळी बहुधा एकच पिल्लू, त्यात पिंजऱ्यात जगवणं महाकठीण. म्हणजे पैदास केंद्राच्या पावतीवर जंगलातलाच माल खपणार. २०१७पासून आठही जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आहे, तरी आमच्या कोकणात खवल्यांसकट माणसं पकडल्याच्या बातम्या येतातच. घाबरलं की बिचारं अंगाचं वेटोळं करून पडतं. बिबट्यापुढे ही युक्ती चालते. माणूस मात्र तसंच उचलून पोत्यात घालतो. आणि हे सगळं कशासाठी? तर खवले औषधी असतात या समजापायी. खवल्यांत असतं ते आपल्या नखांतलंच केराटिन. एवढाच गुण येत असेल तर स्वतःची नखं उगाळून प्या की!