शाळेच्या फाटकावरची कोंडी: त्या फिरत्या मजकुराला उत्तर

जून उजाडला की पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक मजकूर फिरू लागतो. थोडक्यात असा: शाळेसमोरची कोंडी व्हॅन-रिक्षावाल्यांमुळे होते, मुलाला स्वतःच्या गाडीने थेट फाटकापर्यंत सोडणं सर्वांत सुरक्षित, फुटपाथ काढून रस्ता रुंद करावा आणि समोर एक दणदणीत गतिरोधक घालावा. खाली ‘सहमत असाल तर पुढे पाठवा’. मी पाठवलेला नाही, त्याची कारणं ही.

आधी व्हॅनवाले काका. त्यांच्या एका गाडीतून सात-आठ मुलं येतात. तीच मुलं आपापली आली की सात-आठ स्कूटर नाहीतर मोटारी. मोटार कडेला लावायला साधारण ६ मीटर लागतात. शाळेची रस्त्याकडची भिंत ६० मीटर धरा (पेठेतल्या शाळांच्या नशिबी तेवढीही नसते), म्हणजे एका वेळी १० मोटारी. दप्तर, डबा, बाटली, टाटा करणं यात दोन मिनिटं सहज जातात. म्हणजे १० मिनिटांत फार तर ५० मोटारी. शाळेचा पट हजाराचा असेल तर उरलेल्यांनी उभं राहायचं कुठे? ते दुसऱ्या रांगेत, रस्त्याच्या मधोमध उभे राहतात. दोन सत्रांच्या शाळेत तर दुपारी सकाळची मुलं बाहेर पडतात आणि दुपारची आत शिरतात, बहुधा एकाच फाटकातून. व्हॅनमध्ये मुलं कोंबली जातात हे खरं आहे, त्यावर आरटीओने कारवाई केलीच पाहिजे. पण व्हॅन बंद केल्याने रस्त्यावरच्या गाड्या कमी होत नाहीत, वाढतात.

फाटकापर्यंत सोडण्यात आपलं मूल सुरक्षित असतं, ते गाडीत बसलेलं आहे तोवर. त्याला उतरवून आपण गाडी मागे घेतो, तेव्हा मागे दुसऱ्याचं मूल असतं. पहिली-दुसरीतलं मूल दोन मोटारींच्या फटीतून बाहेर येतं तेव्हा ते चालकाला दिसतच नाही. म्हणून उतरवण्याची जागा फाटकापासून दोन-तीनशे मीटर लांब हवी आणि शेवटचा टप्पा पायी. इटलीतल्या बोल्झानो शहरात १९८९पासून शाळा भरता-सुटताना समोरचा रस्ता थोडा वेळ गाड्यांना बंद ठेवतात. जपानमध्ये गल्लीतली मुलं गट करून चालत शाळेत जातात. ‘आपल्याकडे नाही जमायचं’ म्हणणाऱ्यांसाठी: भायखळ्याच्या मिर्झा गालिब मार्गावर शाळेपुढे रंग आणि बॅरिकेड लावून मुलांना चालायला जागा आखण्याचा प्रयोग झालेला आहे.

फुटपाथ काढण्याच्या सूचनेवर फार शब्द खर्च करण्यासारखं नाही. रस्तेबांधणीचे निकष ठरवणाऱ्या ‘इंडियन रोड्स काँग्रेस’ या संस्थेच्या निकषात चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी सांगितली आहे, ती आज किती शाळांपुढे आहे ते स्वतः बघा. काढलेल्या फुटपाथवर आठवडाभरात गाड्या लागतील आणि मुलं रस्त्यावर उतरतील.

गतिरोधकाचा मुद्दा मात्र निम्मा बरोबर आहे. वेग कमी व्हायलाच हवा. ताशी ५० किमीने येणारी गाडी चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंतच्या एका सेकंदात सुमारे १४ मीटर पुढे आलेली असते. ३०ने येणारी गाडी, रस्ता कोरडा असेल तर, जवळपास तेवढ्याच अंतरात थांबलेलीही असते. चूक आहे ती ‘दणदणीत’मध्ये. त्याच संस्थेच्या निकषातला गोलाकार गतिरोधक गाडी जाण्याच्या दिशेने ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो. आपल्याकडचा अरुंद, उभट उंचवटा मागे मूल बसवलेल्या स्कूटरलाच आधी पाडतो. त्यापेक्षा फुटपाथच्या उंचीला आणलेला सपाट झेब्रा क्रॉसिंग बरं. गाडी आपोआप हळू होते आणि मुलाला पायरी उतरावी लागत नाही.

मजकुरात हेल्मेटचा उल्लेखच नाही. चार वर्षांवरील मुलाला ते कायद्याने लागतं, आणि त्याहून लहानांसाठी २०२३पासून हेल्मेटसोबत सुरक्षा पट्टाही.

महाराष्ट्राच्या २०११च्या स्कूलबस नियमांनुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती असावी लागते आणि थांबे ठरवणं तिच्याच कामात येतं. पालकसभेत विचारायचे प्रश्न मग दोनच: आपल्या समितीची बैठक शेवटची कधी झाली, आणि वर्गांच्या सुटण्याच्या वेळांत दहा-दहा मिनिटांचं अंतर का ठेवता येत नाही?