ट्रिप संपली, विमा संपला. बॅग मात्र डिकीतच होती

गेल्या पावसाळ्यात स्वारगेटच्या एसटी स्थानकासमोर मी गाडी उभी केली, ॲपवर ट्रिप संपवली, प्रवासी काकांना भाड्याचा आकडा दाखवला आणि त्यांची जड बॅग काढून देण्यासाठी डिकीपाशी गेलो. तेवढ्यात उलट्या दिशेने आलेल्या एका दुचाकीने मला बंपरवर चेपले आणि माझ्या उजव्या नडगीचे हाड मोडले.

ज्या कंपनीच्या ॲपवर मी गाडी चालवतो, तिने चालकांसाठी अपघात विमा काढलेला आहे आणि तसे ती अभिमानाने सांगतेही. माझा दावा मात्र फेटाळला गेला, कारण ‘अपघाताच्या वेळी ट्रिप सुरू नव्हती’. ट्रिप ४ वाजून १२ मिनिटांनी संपली होती आणि पोलिसांच्या नोंदीत अपघाताची वेळ ‘अंदाजे ४.१५’ अशी होती. त्या तीन मिनिटांत मी चालक नव्हतो म्हणे. मग त्या काकांची बॅग मी कोणत्या नात्याने उचलत होतो? संतापाची गोष्ट अशी की ट्रिप संपवल्याशिवाय भाड्याचा अंतिम आकडा ॲपवर दिसतच नाही, म्हणजे पैसे घ्यायचे तर आधी ट्रिप संपवणे भाग आणि ट्रिप संपवली की विमाही संपला, अशी ही व्यवस्था कंपनीनेच केलेली आहे. विमानतळाबाहेर भाड्याची वाट पाहण्यात जाणारे दोन-दोन तास आणि हिंजवडीहून रिकामी परत आणलेली गाडी हेही त्यांच्या लेखी कामात मोडत नाही.

मग स्वतःचे कागद काढून बसलो. गाडीच्या विम्यासोबत मालक-चालकासाठी सक्तीने घ्यावे लागणारे १५ लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण माझ्याकडे आहे. बँकेतून वर्षाला २० रुपये कापून मिळणारा प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा २ लाखांचा विमाही आहे. दोन्हींची अट तीच: मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व. मी गेलो असतो तर घरच्यांना पूर्ण रक्कम मिळाली असती, एक पाय कायमचा गेला असता तर निम्मी. पण पाय तीन महिने प्लास्टरमध्ये राहून पुन्हा चालू लागणार असेल, तर एक पैसाही नाही. हाड सांधले जाते, हाच माझा गुन्हा. केंद्र सरकारने २०२५ मध्ये राज्यांना दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत ॲप कंपन्यांनी प्रत्येक चालकासाठी किमान ५ लाखांचा आरोग्य विमा आणि १० लाखांचा मुदत विमा काढावा असे म्हटले आहे. त्यातला पहिला रुग्णालयाला पैसे देतो आणि दुसरा मेल्यावर वारसांना. घरी पाय वर करून पडलेल्या माणसाच्या गाडीचा हप्ता दर महिन्याच्या ५ तारखेला कोण भरणार, याचे उत्तर दोन्हींत नाही.

कारखान्यातल्या कामगाराला कामावर अशी इजा झाली, तर बरा होईपर्यंत मालकाने त्याला दर पंधरवड्याला मासिक वेतनाच्या २५ टक्के रक्कम द्यावी, ही तरतूद १९२३ च्या कायद्यापासून चालत आलेली आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने तर घरून कामावर जाताना झालेला अपघातही, कामाशी त्याचा संबंध असेल तर, कामावरचाच मानला आहे. हे सारे कर्मचाऱ्यांसाठी. आम्ही कर्मचारी नव्हे, ‘पार्टनर’! त्याच संहितेत आमच्यासाठी अपघात विम्याची योजना आखता येईल असे लिहिले आहे आणि त्यासाठी कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम द्यायची आहे. ती योजना कधीकाळी माझ्यापर्यंत पोहोचलीच, तर तिचे घड्याळ तरी ट्रिपच्या बटणाला बांधू नका, एवढीच माझी मागणी आहे.

प्लास्टर निघाल्यापासून मी आधी बॅग काढून देतो आणि मगच गाडीत बसून ट्रिप संपवतो. मागून वाहतूक पोलीस शिट्टी मारत असतो आणि पावसात भिजणारे प्रवासी खिडकीवर टकटक करून विचारतात, “अहो दादा, ट्रिप संपवा ना, पैसे किती झाले?”