खुलासा : लसणाच्या भरवशावर गोळ्या सोडू नका

‘लसूण-हळदीने जिवाणूंचं आपसातलं बोलणं बंद पडतं, अँटिबायोटिक सोडा,’ असा मजकूर बेळगाव, खानापूर, निपाणीकडे मोबाईलवर फिरतोय. पहिला भाग अर्धा खरा आहे. जिवाणू रासायनिक संदेश सोडून आपली संख्या ताडतात. पुरेसे जमले की चिकट थर बांधतात, आणि त्या थरात औषधालाही सहज दाद देत नाहीत. ठेचलेल्या लसणात तयार होणारं अजोईन हे रसायन स्यूडोमोनास नावाच्या जिवाणूंची ही संदेशयंत्रणा रोखतं, हे प्रयोगशाळेत दिसलंय. पण रोखणं म्हणजे मारणं नव्हे. हळदीतलं करक्युमिन तर पोटातून रक्तात फारच थोडं उतरतं. मधुमेही माणसाच्या पायाच्या जखमेवर कृपा करून लसूण वाटून बांधू नका, कातडी भाजते! डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या मध्येच थांबवू नका.